खर्जाच्या तारेमागे चाळीस वर्षं

बडोद्यात स्पीकरची परीक्षा तंबोऱ्यावर होते. निदान दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत तरी होत आली. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा दिली, भातखंड्यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली, फैयाझ खाँसाहेब इथल्या दरबारात गायले आणि 1950 मध्ये इथेच गेले. स्वातंत्र्याच्या वेळी स्वतःचं रेडिओ केंद्र असलेल्या मोजक्या संस्थानांत बडोदंही होतं. अशा गावात दुकानदार "बास बघा, बास" म्हणत स्पीकर वाजवून दाखवतो, तेव्हा गिऱ्हाईक हळूच विचारतं, खर्ज लागतोय का?

खर्ज लागत नाही, आणि त्याचं कारण साध्या आकड्यांत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज 138.6 हर्ट्झच्या आसपास असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, 69 हर्ट्झला. तीन इंची स्पीकर लिटर-दीड लिटरच्या बंद डब्यात बसवला की त्याचा अनुनाद साधारण 120 ते 150 हर्ट्झमध्ये कुठेतरी पडतो. त्याखाली आवाज दर सप्तकाला 12 डेसिबलने गळत जातो. म्हणजे षड्ज कसाबसा तग धरतो आणि खर्ज बुडतो. इक्वलायझरने तो वर काढायचा तर 12 डेसिबल हवेत, म्हणजे चौपट व्होल्टेज आणि सोळापट वीज. शिवाय एक सप्तक खाली तितक्याच जोराने वाजायचं तर पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. तीन इंची पडद्याला तेवढी जागाच नसते.

हे गणित जुनं आहे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात स्पीकर आणि डबा यांचं वागणं मोजक्या आकड्यांत बसवलं. बंगाली वडिलांचे अमेरिकेतले चिरंजीव अमर बोस यांनी 1968 मध्ये 901 हा स्पीकर काढला. त्यात लहान, चार इंची स्पीकर होते आणि सोबत वेगळा इक्वलायझर. लोकांना त्या इक्वलायझरचंच अप्रूप वाटलं. मला त्यातला खरा शहाणपणा स्पीकरच्या संख्येत दिसतो. ते नऊ होते. वाढवलेल्या बासचं ओझं नऊ पडद्यांनी वाटून घेतलं. पुढे अनेकांनी इक्वलायझर उचलला आणि पडदा एकच ठेवला.

डिजिटल फिल्टर आले तेव्हा वाटलं, आता सगळं हातात आलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस 32010 ही चिप 1983 मध्ये बाजारात आली. फिल्टरचा एक टप्पा म्हणजे फक्त पाच गुणक. गुणायचं, मिळवायचं, मागचे दोन नमुने लक्षात ठेवायचे. पण ती चिप 16 बिटांची, आणि तिचा खोडा नेमका खर्जातच होता. सेकंदाला 48,000 नमुने घेतले तर 60 हर्ट्झ ही इतकी संथ हालचाल ठरते, की फिल्टरची जागा ठरवणारा फरक गुणकाच्या अगदी शेवटच्या बिटात जाऊन बसतो. सरळ पद्धतीने लिहिलेला फिल्टर मग 60 ला लागतो, त्यानंतर थेट 84 ला, मग 103 ला. मधे काही नाहीच. बावीस श्रुतींवर वाद घालणाऱ्या गावाला हे कसं चालावं? उपाय होते: फिल्टरची रचना बदलायची, दुप्पट लांबीचे आकडे वापरायचे, किंवा बासपुरता नमुन्यांचा वेग कमी करायचा. मोटोरोलाची 56000 मालिका 24 बिट घेऊन आली तेव्हा ही कसरत बरीच कमी झाली. आज साध्या फोनमध्येही तो प्रश्न उरलेला नाही.

सूत्रांचंही तसंच झालं. कोणता उंचवटा किंवा उतार हवा असेल तर गुणक कसे काढायचे, याची रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी एक पाककृतींची वहीच लिहून ठेवली. ती 1990 च्या दशकापासून हातोहात फिरली. आता गुणक काढायला पाचवीतल्या मुलाइतकीही धडपड लागत नाही, आणि याचा तोटाही झाला.

तोटा मोजणीत दिसतो. अँजेलो फारिना यांनी 2000 मध्ये मांडलेली सरकत्या स्वराची पद्धत घरोघरी पोचली. आता डोक्यावर पंखा फिरत असतानाही बरी मोजणी होते, विकृती वेगळी काढता येते. मग संगणकाच्या पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटते आणि प्रत्येकाला ती सरळ करायची घाई होते. उंचवटे कापावेत, त्यात बहुधा डब्याचा किंवा पडद्याचा दोष असतो आणि कापण्याला वीज लागत नाही. खड्ड्यांचं मात्र तसं नाही. स्पीकर टेबलावर ठेवला की टेबलावरून परतलेला आवाज थेट आवाजाला खातो आणि कुठेतरी खोल खड्डा पडतो. तिथे 10 डेसिबल ओतले तर दहापट वीज जाते, खड्डा तसाच राहतो, आणि खुर्ची जरा सरकवली की तो दुसरीकडे जातो. आपल्या फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोल्यांत असे खड्डे ढीगभर सापडतात.

हल्लीच्या ब्लूटूथ डब्यांत इक्वलायझर आवाजाबरोबर बदलतो: हळू वाजताना बास भरपूर, मोठा केला की पडदा वाचवायला तोच बास काढून घेतला जातो. हिशेब चोख आहे. पण त्यांची जुळणी नवरात्रातल्या मैदानी ढोलाची हौस डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारखी वाटते. ख्यालात डग्ग्यावर घुमारा आला की हे यंत्र दबतं आणि तंबोराही त्याबरोबर खाली-वर होतो. माझ्या मते छोट्या स्पीकरचा सगळ्यात असह्य दोष हाच, बासचा अभाव नव्हे.

कारण अभाव कान बराचसा भरून काढतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोऱ्याच्या जवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोडीवर घासत कंपणारी तार स्वरांशांची केवढी रांग उभी करते ते त्यात आलं. खर्जाचे 138, 207, 276 हे स्वरांश नीट पोचले तर 69 स्पीकरमधून आला नाही तरी कान तो धरतो. म्हणून मी आता 90 हर्ट्झच्या खालचं सरळ कापतो, डब्याचा उंचवटा दाबतो, 150 च्या आसपास थोडासा हात देतो आणि 200 ते 1000 मधल्या सफाईवर सगळा वेळ घालवतो. गाणाऱ्या बाई असतील आणि पट्टी काळी चार असेल, तर खर्जाची तारच 104 च्या आसपास येते, आणि तेवढ्यासाठी तीन इंची पडद्याची फारशी मनधरणी करावी लागत नाही.