गुंजन पक्षी : सखल वनातील व उच्च पर्वतावरील

गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) फक्त अमेरिका खंडांत व त्यांलगतच्या बेटांवर आढळतात. ॲपोडिफॉर्मीस गणातील ट्रॉकिलिडी या त्यांच्या कुलात सु. ३६० जाती आहेत. भारतात ते नाहीत. महाराष्ट्रात फुलांवर दिसणारे शिंजीर अगदी वेगळ्या कुलातील होत. पंखांची अतिजलद उघडझाप करून हवेत एका जागी स्थिर राहणे हे गुंजन पक्ष्यांचे वैशिष्ट्य. त्यासाठी फार ऊर्जा खर्च होते व ती मुख्यतः मकरंदातून मिळवावी लागते. ही एकच गरज भिन्न परिस्थितींत कशी भागविली जाते, हे पुढील दोन जातींच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

लांब चोचीचा हर्मिट : (फीथॉर्निस लाँगिरॉस्ट्रिस). मध्य अमेरिकेपासून पश्चिम एक्वादोरपर्यंतच्या सखल, दमट वनांत हा राहतो. वजन सु. ६ ग्रॅ.; रंग तपकिरी; चोच सु. ४ सेंमी. लांब व खाली वाकलेली. शेपटीची मधली दोन पिसे लांब व टोकाशी पांढरी असतात. हेलिकोनियाची फुले वनाच्या छायेत विखुरलेली असतात व एका झाडावर रोज थोडीच उमलतात. त्यामुळे एकाच झाडाची राखण न करता हा ठराविक मार्गाने फेरी घालून मकरंद गोळा करतो. विणीच्या हंगामात अनेक नर झुडपांत एकत्र जमून गातात. प्रौढ नराच्या चोचीचे टोक अणकुचीदार असून जागेसाठी होणाऱ्या झुंजींत ते उपयोगी पडते. मादी ताडवर्गीय झाडाच्या पानाच्या खालच्या बाजूस घरटे बांधते.

एक्वादोरी हिलस्टार : (ओरिओट्रॉकिलस चिंबोराझो). हा मुख्यतः एक्वादोरमधील अँडीज पर्वतावर सु. ३,५०० मी.च्या वर, पारामो या थंड गवताळ प्रदेशात राहतो. वजन सु. ८ ग्रॅ.; नराचे डोके चकचकीत निळे-जांभळे, मादी फिकट असते. सु. ४,००० मी. उंचीवर ऑक्सिजनाचा दाब समुद्रसपाटीच्या सु. ६० टक्केच असतो आणि विरळ हवेत तरंगणे अधिक श्रमाचे होते. म्हणून हा चुकिरागा झुडपाच्या नारिंगी फुलांवर बळकट पायांनी बसूनच मकरंद पितो. थंड रात्री या प्रजातीतील पक्षी सुप्तावस्थेत जातात. एरवी सु. ४०° से. असलेले त्यांचे शरीराचे तापमान १०° से.च्याही खाली उतरू शकते व ऊर्जेची मोठी बचत होते. मादी कड्याच्या वा गुहेच्या आडोशाला जाड, उबदार घरटे बांधते.

दोन्ही जातींत मादी सामान्यतः दोन अंडी घालते व पिलांचे संगोपन एकटीच करते. मूळ शरीररचनाही सारखीच आहे. फरक आहे तो ऊर्जा मिळविण्याच्या व वाचविण्याच्या रीतींत. तथापि हेच अनुकूलन त्यांना आपापल्या अधिवासाशी जखडून ठेवते. केळीचे मळे, तेलताडाची लागवड व कुरणे यांसाठी सखल वने तोडली गेल्याने हर्मिटच्या फेरीचा मार्ग खंडित होतो. पारामोत वणवे व गुरांची चराई यांमुळे झुडपे नष्ट होतात. शिवाय हवामान तापू लागल्यास हिलस्टारला अधिक उंचावर सरकावे लागेल. परंतु शिखराकडे जावे तसतसे क्षेत्र आक्रसत जाते व त्यापलीकडे आश्रयस्थान उरत नाही.