वर्गांतील एकटा

कोरियन भाषेंत 'वांग' म्हणजे राजा. परंतु 'वांगत्ता' हें नांव ज्या मुलास मिळतें, त्याच्याइतका दीन वर्गांत दुसरा कोणी नसतो. 'त्ता' हा 'वाळींत टाकणें' ह्या अर्थाच्या शब्दाचा आरंभ, व 'वांग' म्हणजे येथें 'पुरता'. दक्षिण कोरियांत हा शब्द 1990 नंतरच्या दशकांत रूढ झाला.

तेथील मुलें बहुधा वर्षभर एकाच खोलींत, त्याच सोबत्यांसह बसतात. त्यामुळें वाळींत पडलेल्यास दुसरा आसरा नसतो. कोणी दांडगे त्यास रोज पाव आणावयास पिटाळतात. अशास 'पाव-शटल' म्हणतात. घरीं गेला तरी सुटका नाहीं. मोबाइलवरील गप्पांच्या गटांतून तो बाहेर पडला, कीं त्यास पुनः आंत ओढून छळितात.

सरकारनें 2004 सालीं शालेय हिंसेविरुद्ध कायदा केला. 117 ह्या क्रमांकावर तक्रार करितां येते. 2012 पासून दोषी विद्यार्थ्यावरील कारवाई त्याच्या शालेय नोंदींतही लिहिली जाऊं लागली.

हें सर्व योग्यच. परंतु कायदा शेजारच्या बाकावर येऊन बसत नाहीं. छळणारे दोघे-चौघे असतात. पाहून गप्प राहणारा असतो सारा वर्ग. त्या मौनानेंच वाळीत पुरें होतें, आणि एकानें जरी डबा उचलून त्या मुलाशेजारीं बसण्याचें धैर्य केलें, तरी तें मोडूं लागतें. विद्यार्थिमित्रहो, तो एक आपण व्हावें, अशी आमची इच्छा आहे.

पालकांनींही "गुण किती मिळाले?" ह्यापूर्वीं "आज कोणाबरोबर जेवलास?" असें विचारीत जावें.