चिलटाच्या अंगातली लढाई : निरोप एक, अर्थ दोन

पिकलेल्या केळ्यांवर बसणारी चिलटं आपण सगळ्यांनीच हाकललेली असतात. प्रयोगशाळेत त्यांच्यातल्याच एका जातीला ड्रोसोफिला म्हणतात. आजचा प्रश्न असा, की त्या माशीच्या अंगात गाठ वाढू लागली तर तिला अडवतं कोण?

आधी गाठ कशी होते ते बघू. माशीच्या अळीत ‘स्क्रिबल’ नावाचं जनुक बिघडवलं, की पेशींना आपली वरची बाजू कुठली, खालची कुठली हेच कळेनासं होतं. एका थरात शिस्तीत बसणाऱ्या पेशी मग एकमेकींवर चढतात आणि गाठ बनते.

माशीकडे अँटिबॉडी नाहीत, टी-पेशी नाहीत. आहेत त्या हिमोसाइट, म्हणजे तिच्या रक्तपेशी. त्यातल्या बहुतेकांचं रोजचं काम जंतू गिळणं आणि मेलेल्या पेशी साफ करणं. गाठ वाढताना पेशींच्या थराखालचं पातळ अस्तर फाटतं. हिमोसाइट नेमक्या त्या फाटलेल्या जागी येऊन चिकटतात, हे २००८ साली दाखवलं गेलं.

पुढचा भाग २०१० मधल्या संशोधनाचा. या हिमोसाइट ‘आयगर’ नावाचं प्रथिन सोडतात. आपल्या शरीरातल्या टीएनएफचा हा माशीतला भाऊबंद. आयगर पोचलं, की गाठीच्या पेशींत जेएनके ही संदेशांची साखळी सुरू होते आणि त्या पेशी मरू लागतात. गाठ आटोक्यात राहते.

पण खरी गंमत, किंवा भीती म्हणा, इथे आहे. स्क्रिबल बिघडलेल्या पेशीत ‘रॅस’ जनुकही कायमचं चालू ठेवलं, तर तेच आयगर, तीच जेएनके साखळी गाठीला वाढायला आणि आजूबाजूला पसरायला मदत करते! मेसेज तोच, पण वाचणाऱ्याचा कोड बदललाय. आणि रॅसमधले बिघाड माणसाच्या कितीतरी कॅन्सरमध्ये सापडतात.

माशीवरून माणसाचा थेट निष्कर्ष काढायचा नाही, हे खरंच. पण ‘इम्युनिटी वाढवा, कॅन्सर टाळा’ असा फॉरवर्ड आला, तर एवढं नक्की आठवा : प्रतिकारशक्ती म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. समोरची पेशी कशी बिघडली आहे, यावर बरंच काही ठरतं.

भेटू पुढच्या भागात.