धुऱ्यावरची ज्वारी

डिसेंबरात दिग्रसला फजरच्या वेळी हात काकडतात. वुजूसाठी अम्मी चुलीवर पाणी तापवून ठेवते. ते हातावर पडलं की आपसूक ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघतं. बाहेर तारेवर चिमण्या पिसं फुगवून बसलेल्या असतात. पिसांत कोंडलेली हवा हीच त्यांची गोधडी. एवढासा जीव ऊब टिकवायला रात्रभर अंगातली चरबी जाळतो, म्हणून उजाडताच त्याला दाणा लागतो.

तो दाणा आता मिळतो कुठे? आमच्या लहानपणी थंडीच्या तोंडावर शेतात ज्वारी उभी असायची. मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरत आणि आम्ही पोरं गोफण घेऊन धावत सुटायचो. अब्बा मरहूम मात्र धुऱ्यालगतची दोन तासं पाखरांसाठी सोडायचे. आपल्या पेरणीतून पाखरानं खाल्लं तर तोही सदका, ही हदीस आम्ही प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली. पुढे आम्ही सोयाबीन-कपाशी धरली. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येतं, कपाशीत पाखरांना दाणा नाही. तुरीवरच्या अळ्या काय त्या उरतात. अब्बांची दोन तासंही आम्हीच मोडली. आता त्याची लाज वाटते.

यंदा पावसाळ्यात तिथं पुन्हा मूठभर ज्वारी टाकली. परवा मुलांना घेऊन गेलो तर निम्मी कणसं रिकामी. धाकटी रागावली, गोफण मागू लागली. अम्मीनं तिला जवळ बसवलं, फडक्यातली भाकर सोडली आणि म्हणाली, “तुझी न्याहारी व्हायचीये ना? त्यांचीही चाललीये.”