आन्टोन श्वार्त्सकॉफ: पोटात गोळा आणणारा कारागीर

जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली यायला लागला की पोटात गोळा येतो, आणि उतरल्यावर आपण पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभे राहतो. हा गोळा नेमका किती मोठा असावा, हे ठरवणं काही लोकांचा व्यवसाय असतो. त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे जर्मनीचे आन्टोन श्वार्त्सकॉफ (1924–2001). आज त्यांची कारकीर्द पाहू.

बव्हेरियात त्यांचा घरचा कारखाना होता. तिथे ते सर्कशीसाठी आणि फिरत्या मेळ्यांसाठी गाड्या बांधत. म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक कोण? तर आज या गावात, पुढच्या आठवड्यात त्या गावात तंबू ठोकणारा माणूस. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही यातून समजतं. अशा माणसाला पाळणा हवा तो सुटा करून ट्रकवर चढवता येणारा आणि दुसऱ्या गावी तसाच्या तसा उभा राहणारा. लाकडी सांगाड्याचं हे काम नव्हे. 1957 साली श्वार्त्सकॉफ यांनी पोलादी रोलर कोस्टर बांधला. नंतर वाइल्डकॅट, जेट स्टार अशी त्यांची मॉडेल्स मेळ्यांतून आणि उद्यानांतून फिरू लागली. शंभर वेळा सोडून शंभर वेळा जोडायचं, तर प्रत्येक तुकडा नेमक्या मापाचा हवा. त्यामुळे त्यांचे रूळ गुळगुळीत असत आणि डबे हिसके देत नसत.

आता येऊ त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामाकडे: उभ्या वर्तुळातून, म्हणजे लूपमधून, माणसांना डोकं खाली करून फिरवणं. ही कल्पना जुनीच. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये असा पाळणा होता, पण तो मानेला झटके देण्यासाठीच जास्त प्रसिद्ध झाला. का? कारण त्याचा लूप जवळजवळ पूर्ण गोल होता.

थोडा हिशेब करू. गोल लूपच्या माथ्यावरून डबा खाली न पडता जेमतेम पार व्हायचा असेल, तर तळाशी त्याला इतका वेग लागतो की तिथे बसलेल्या माणसाला आपलं वजन सहापट झाल्यासारखं वाटतं. साठ किलोचा माणूस, तर तीनशेसाठ किलोंचा दाब. आणि हा दाब हळूहळू वाढत नाही. सरळ रुळावरून गोलात शिरताक्षणी एकदम बसतो. मान तिथेच लचकते.

यावरचा उपाय अभियंते वेर्नर श्टेंगल यांच्या गणितातून आला. 1960च्या दशकापासून ते श्वार्त्सकॉफ यांच्याबरोबर काम करत होते. लूप गोल न ठेवता पाण्याच्या थेंबासारखा करायचा: तळाशी वळण ऐसपैस, वर जाताना हळूहळू घट्ट. तळाशी वेग जास्त, तिथे त्रिज्या मोठी, म्हणून दाब आटोक्यात. माथ्यावर वेग कमी, तिथे त्रिज्या लहान, म्हणून माणूस आसनाला चिकटून राहतो. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वे आणि महामार्गांच्या वळणांवरही हेच तत्त्व वापरतात. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन उद्यानात ‘रेव्होल्यूशन’ सुरू झाला. आधुनिक काळातला हा पहिला उभा लूप. सुरुवातीला त्यात प्रवाशांना रोखायला फक्त मांडीवरचा दांडा होता. खांदे जखडायची गरजच वाटली नाही, यावरून वळण किती मऊ होतं ते बघा.

एवढं सगळं करून हा माणूस श्रीमंत झाला असेल, असं वाटतं ना? 1983 मध्ये त्यांच्या कंपनीचं दिवाळं निघालं. हा धंदाच अवघड आहे. एकेक यंत्र प्रचंड खर्चाचं, घेणारे मोजके, आणि माल चांगला असेल तर तो कित्येक दशकं टिकतो, म्हणजे तेच गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. कंपनी गेली तरी श्वार्त्सकॉफ यांचं काम मात्र थांबलं नाही. 1989 मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये ‘ऑलिंपिया लूपिंग’ उभा राहिला. ऑलिंपिकच्या कड्यांसारखे पाच लूप, आणि तरीही सुटा करून दुसऱ्या गावी नेता येणारा! मेळेवाल्यांसाठी गाड्या बांधणारा माणूस शेवटपर्यंत त्यांना विसरला नाही.

एक दुःखद गोष्टही सांगायला हवी. कॅनडात एडमंटनच्या मॉलमधला ‘माइंडबेंडर’ हाही त्यांच्याच रचनेचा. 14 जून 1986 रोजी त्याच्या शेवटच्या डब्याच्या चाकांची जोडणी निखळली, डबा रुळावरून उतरून खांबावर आदळला आणि तीन जणांचा जीव गेला. चौकशीत मुद्दा आला तो बोल्टचा. वक्राचं गणित चुकलेलं नव्हतं. पण पाळण्यात बसणाऱ्याला गणित आणि बोल्ट वेगळे नसतात.

म्हणून या व्यवसायाकडे आपण असं पाहू: भीती वाटली पाहिजे, इजा होता कामा नये. या दोहोंमधलं अंतर आधी कागदावर आखावं लागतं, मग पोलादात उतरवावं लागतं, आणि नंतर रोज सकाळी, पहिलं तिकीट फाडण्याआधी, हातात पाना घेऊन पुन्हा तपासावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी श्वार्त्सकॉफ आणि श्टेंगल करून गेले. तिसरी प्रत्येक पाळणेवाल्याला रोज करावी लागते, मग तो कॅलिफोर्नियातला असो की आपल्या गावच्या जत्रेतला.