रिमॅप केलेल्या डिझेल गाडीचा क्लच घसरतोय? नवा क्लच घेण्याआधी एवढं तपासा

पाटण : चिपळूणहून पाटणकडे येताना कुंभार्ली घाटाची चढण लागते. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. तिसऱ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी आहे त्याच वेगाने चालते. थोड्या वेळाने जळका वास येतो. असं झालं की क्लच घसरतोय हे जवळपास नक्की. गाडी रिमॅप केलेली असेल, तर पुढचा प्रश्न लगेच येतो. कंपनीचाच क्लच पुन्हा बसवायचा, की ‘हेवी ड्युटी’ घ्यायचा?

दुकानात सल्ला मिळतो, ‘सगळ्यात स्ट्राँग टाका, परत बघायला नको.’ इथंच बरेच जण फसतात. गरजेपेक्षा कमी ताकदीचा क्लच घसरतो आणि गरजेपेक्षा जास्त कडक क्लच गाडी चालवणं नकोसं करतो. दोन्ही वेळा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. म्हणून क्लच सगळ्यात बळकट नव्हे, तर इंजिनाला आणि वापराला जुळणारा हवा.

क्लच नेमकं काय करतो?

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरत असतं. त्याच्या आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. पायाने पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची स्प्रिंग ढकलतं, दाब सुटतो आणि इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होतं. पेडल सोडलं की प्लेट पुन्हा दाबली जाते आणि इंजिनाची ओढ चाकापर्यंत जाते.

क्लच किती ओढ पेलणार, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. प्रेशर प्लेटचा दाब किती, प्लेटच्या अस्तराची पकड कशी आणि प्लेटचा घेर केवढा. यातली एक जरी गोष्ट कमी पडली, तरी प्लेट घसरते.

इथं हॉर्सपॉवर बघून उपयोग नाही. क्लचचा संबंध टॉर्कशी, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या ताकदीशी असतो. टर्बो डिझेल गाडीत हा टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो. त्यामुळे अशा गाडीचा क्लच बहुतेक वेळा भरधाव पळताना नाही, तर चढावर दोन हजार आरपीएमच्या आसपास घसरतो.

आकडे मांडून बघू

ग्रामीण भागात अजूनही दिसणारी डिझेल स्विफ्ट उदाहरणाला घेऊ. तिच्यातलं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. कंपनीच्या आकड्यांनुसार ताकद ७५ पीएस आणि टॉर्क २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं बंद केलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक डिझेल स्विफ्ट त्याआधीची आहे आणि अनेकींचा क्लच आधीच बराच झिजलेला आहे.

आता समजा, अशी गाडी रिमॅप केली आणि टॉर्क २५ टक्क्यांनी वाढला. १९० चा झाला सुमारे २३७. गाड्यांचे क्लच बनवताना इंजिनाच्या टॉर्कपेक्षा साधारण २० ते ५० टक्के जास्त क्षमता ठेवण्याची पद्धत आहे. मधला आकडा म्हणून ३० टक्के धरला, तर मूळ क्लच नवा असताना जवळपास २४७ पेलेल. म्हणजे रिमॅपनंतर हातात उरली फक्त दहाची शिल्लक.

नव्या क्लचला ही शिल्लक कशीबशी पुरेल. पण ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या क्लचची प्लेट झिजलेली असते आणि झीज शेवटाला आली की स्प्रिंगचा दाबही उतरतो. त्यामुळे ‘रिमॅप केलं आणि आठ दिवसांत क्लच गेला’ ही तक्रार खरी असली, तरी तिचा अर्थ वेगळा आहे. संपत आलेल्या क्लचचं पितळ रिमॅपने उघडं पाडलं, इतकंच.

आधी खात्री : खरंच प्लेट गेली आहे का?

क्लच घसरला म्हणजे दर वेळी प्लेटच संपली असं नसतं. गिअरबॉक्स उतरवण्याआधी या गोष्टी बघून घ्याव्यात.

• मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १५०० ते २००० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. काटा झपकन वर गेला आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतोय. ही तपासणी एकदाच करावी, वारंवार केली तर उरलेली प्लेटही जळते.

• क्लच केबलवर चालत असेल, तर पेडलचा मोकळा खेळ बघावा. केबल जास्त ताणलेली असली की प्रेशर प्लेट अर्धवट दाबलेलीच राहते आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. हायड्रॉलिक क्लच असेल, तर सिलिंडर पूर्ण मागे येतो का ते तपासावं.

• इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खालून तेल दिसतं का बघावं. इंजिनाचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं सील गळत असेल, तर प्लेट तेलाने भिजते. अशा वेळी सील न बदलता कितीही महाग क्लच टाकला तरी तोही भिजणार.

नवा क्लच : पर्याय चार

पहिला पर्याय, कंपनीच्या दर्जाचा पूर्ण सेट. रिमॅप हलकं असेल, गाडी घरच्या वापराची असेल आणि चालवणारा हात सबुरीचा असेल, तर हा पुरतो. पेडल हलकं राहतं, गाडी मऊ उचलते. मात्र शिल्लक कमी असल्याने रोज भरलेली गाडी घाट चढणार असेल, तर त्याचं आयुष्य घटतं.

दुसरा पर्याय, जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि नेहमीच्या ऑरगॅनिक अस्तराची प्लेट. हलक्या रिमॅपला आणि गावाकडच्या वापराला बहुतेक वेळा हाच जुळतो. वाढलेल्या टॉर्कवर २० ते २५ टक्के शिल्लक धरावी. वरच्या उदाहरणात २३७ वर तेवढी शिल्लक धरली, तर २८५ ते ३०० न्यूटन मीटर पेलणारा सेट शोधावा. पेडल थोडं जड होतं, पण गाडी पूर्वीसारखीच हळू उचलता येते.

तिसरा पर्याय, केवलार अस्तराची प्लेट. ती टिकाऊ असते. पण बसवल्यावर सुरुवातीला बराच काळ जपून चालवावी लागते. त्या काळात ती तापवली, तर पकड बिघडते. घाईच्या कामाची गाडी असेल तर हा पर्याय अवघड.

चौथा पर्याय, सिरॅमिक बटणांची प्लेट. शर्यतीच्या गाड्यांत हिला मान आहे. हिची पकड जबर, पण अर्ध्या क्लचवर गाडी हळू सोडणं कठीण. पकडली की एकदम पकडते आणि गाडी झटका मारते. बाजाराच्या दिवशीची गर्दी, कारखान्याच्या वाटेवरची उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, चढावरचा थांबा, या ठिकाणी असा क्लच डोकेदुखी ठरतो. शिवाय फ्लायव्हीलही लवकर घासतं. २३७ न्यूटन मीटरच्या गाडीला त्याची काहीच गरज नाही.

जुन्या प्लेटला नवं अस्तर रिबिट करून घेण्याचा स्वस्त मार्गही अनेक ठिकाणी सांगितला जातो. रिमॅप केलेल्या गाडीला तो टाळलेला बरा. अस्तर नवं झालं, तरी थकलेल्या प्रेशर प्लेटचा दाब त्याने वाढत नाही.

जास्त कडक क्लचचा तोटा

प्रेशर प्लेटचा दाब वाढला की पेडल जड होतं. तो जोर केबलवर, रिलीज फोर्कवर आणि बेअरिंगवर येतो. पेडल दाबलेलं असताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवरही तो जोर पडतो. म्हणजे क्लच वाचवताना इंजिनाची झीज वाढवल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. अचानक झटका बसला तर घसरणारा क्लच घरातल्या फ्यूजसारखं काम करतो, तो झटका स्वतः सोसतो. क्लच फारच पक्का झाला, तर तोच झटका गिअरवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो. गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च क्लचपेक्षा कितीतरी मोठा.

प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा आहेत ना, हेही बघावं. डिझेल इंजिनाचे हादरे या स्प्रिंगा शोषून घेतात. स्प्रिंग नसलेली प्लेट टाकली, तर गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते.

गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर…

क्लच बदलण्यात मोठी मजुरी गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची असते. नुसती प्लेट बदलली काय किंवा सगळं बदललं काय, मजुरी जवळपास तीच. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावं. मागचं ऑइल सील तपासावं, शंका वाटली तर बदलून टाकावं. गिअर ऑइलही त्याच वेळी नवं भरावं.

फ्लायव्हीलवर निळे डाग, चिरा किंवा खाचा असतील, तर नव्या प्लेटची पकड नीट बसत नाही. साधं फ्लायव्हील लेथवर मर्यादेत घासून घेता येतं. काही डिझेल गाड्यांत मात्र दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्याचा खेळ तपासावा लागतो आणि खराब असेल तर ते सहसा बदलावंच लागतं. गाडीत कोणतं फ्लायव्हील आहे, हे क्लच विकत घेण्याआधीच विचारून घ्यावं, कारण खर्चाचा हिशोब त्यावर बदलतो.

सेट घेताना चेसिस नंबर सांगूनच घ्यावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार प्लेटचा घेर आणि मधले दाते बदलू शकतात. किती टॉर्क पेलतो, हा आकडा बिलावर किंवा कंपनीच्या कागदावर बघावा. ‘डबल ताकदीचा आहे’ या तोंडी शब्दाला अर्थ नाही. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी अशा नावांचे सेट बाजारात मिळतात, पण नावाजलेल्या मालाची नक्कलही निघते. म्हणून पक्कं बिल हवंच.

क्लच न बदलता एक उपाय

क्लच अजून चांगला असेल आणि फक्त कमी आरपीएमला घसरत असेल, तर रिमॅप करणाऱ्याकडे परत जावं. १५०० ते २५०० आरपीएममधला टॉर्क थोडा कमी करून मॅप सौम्य करता येतो. ताकद थोडी कमी होते, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स तिघांचं आयुष्य वाढतं. गाडी मूळ मॅपवर आणणं हाही पर्याय आहेच.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. क्लच बदलणं ही दुरुस्ती आहे. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. रिमॅपमुळे वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

नवा क्लच टिकवायचा कसा?

पहिले ५०० ते ८०० किलोमीटर जपून चालवावं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, ओढकाम आणि भरलेल्या गाडीने घाट चढणं या काळात टाळावं. प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांना बसायला एवढा वेळ लागतो.

त्यानंतर खरा शत्रू म्हणजे हाफ क्लच. चढावर गाडी उचलताना इंजिन १५०० आरपीएमवर आहे, क्लचमधून १०० न्यूटन मीटर टॉर्क जातोय आणि चाक अजून हललेलं नाही, असं समजा. त्या क्षणी क्लचमध्ये सुमारे १५ किलोवॅट उष्णता तयार होते. म्हणजे विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या चार मोटारींची ताकद त्या पातळ प्लेटवर नुसती घासून जळत असते. क्लच कितीही भारी घेतला, तरी हे फार काळ सोसत नाही.

म्हणून चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नये, हँडब्रेक लावावा आणि उचलताना सोडावा. चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. गाडी चिखलात अडकली, तर क्लचवर झुंजण्यापेक्षा चाकाखाली दगड किंवा पाचट घालावं, नाहीतर ट्रॅक्टर बोलवावा. ट्रॅक्टरवाल्याला द्यावे लागणारे पैसे नव्या क्लचच्या खर्चापुढे काहीच नाहीत.