टॅबची वाट

भाचीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. शिक्रापूरला चाकण चौकाजवळ एक झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तिथे आम्ही दोघं बसलो होतो. बाहेर पुणे-नगर रस्त्यावर कंपन्यांच्या बस तुंबलेल्या, आत आठ-दहा जणांची रांग. सगळं भरत आणलं आणि माऊस बंद पडला. दुकानातल्या मुलाने वायर हलवली, दुसऱ्या पोर्टमध्ये घालून पाहिली, माऊस उलटा करून फुंकर मारली. बाण जागचा हलेना. शेवटी तो मशीनच बंद करायला निघाला, तेव्हा रांगेतल्या एक ताई पुढे आल्या. सणसवाडीच्या एका कारखान्यात त्या हिशेब बघतात.

"थांब रे बाळा, भरलेलं सगळं जाईल," म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली.

टॅब दाबला की फॉर्मवरची पुढची चौकट जागी होते, तिच्याभोवती रेघ उमटते. शिफ्ट धरून टॅब दाबला की मागची. जिल्ह्यांची यादी ऑल्ट आणि खालच्या बाणाने उघडली, 'पी' दाबताच ती पुण्याजवळ आली. बरोबरची खूण स्पेसने केली. फाइल जोडायच्या बटणावरही स्पेस, मग फाइलचं नाव टाइप करून एंटर. पावती छापायला कंट्रोल-पी. माझी भाची डोळे मोठे करून बघत होती, आणि खरं तर मीही.

हे त्या शिकल्या कुठे? टॅलीवर. 1986 साली बंगळुरूत गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीचं हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. पैसे दिले की एफ 5, आले की एफ 6, विक्रीला एफ 8, खरेदीला एफ 9, नोंद पक्की करायला कंट्रोल-ए. सराईत हिशेबनीस दिवसभर माऊसला हात लावत नाही, कारण आकडे टाइप करता करता हात उचलून माऊसवर नेणं म्हणजे वेळ घालवणं.

माऊस तसा उशिरा आला. डग्लस एंगलबार्ट यांनी तो जगासमोर मांडला 9 डिसेंबर 1968 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. त्याचा पहिला नमुना लाकडी होता. घराघरांत पोचायला पुढे बरीच वर्षं गेली, पण एकदा पोचल्यावर आपण बाकीच्या वाटा विसरलो.

काही कामांत मात्र बाणच लागतो. त्याचीही सोय विंडोजमध्ये आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबायचे. विचारणा आली की एंटर. आता उजवीकडच्या आकड्यांनी बाण चालतो: 8 वर, 2 खाली, 4 डावीकडे, 6 उजवीकडे, कोपऱ्यांतले आकडे तिरके. 5 म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. राइट क्लिक हवं तर आधी वजाचं चिन्ह, मग 5. पुन्हा साध्या क्लिकवर यायला भागिलेची रेघ. एखादी गोष्ट ओढून न्यायची तर 0 ने पकडायची, टिंबाने सोडायची. याला माऊस-कीज म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्राने ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशांसाठी अशा सोयींवर काम केलं, आणि विंडोज 95 पासून त्या सगळ्यांच्याच संगणकात आल्या. लहान लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा संच नसतो, तिथे ही युक्ती अडते. लॅपटॉपवर आधी एवढं पाहावं की वरच्या ओळीतलं बटण चुकून दाबून टचपॅडच बंद झालेलं नाही ना.

अंध माणसाला बाणाचा उपयोगच नाही. तो कायमचा टॅबच्या वाटेने चालतो आणि पडदा कानांनी वाचतो. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली लिहायला घेतलं; ते मराठीही वाचतं. म्हणून वेबसाइटवरचं प्रत्येक काम कीबोर्डने करता आलं पाहिजे, हा 2008 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतला अगदी पहिल्या पातळीचा निकष आहे. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. तरी असे फॉर्म भेटतात जिथे जन्मतारीख टाइप करता येत नाही, छोट्या कॅलेंडरवर क्लिकच करावं लागतं. मला याचा राग येतो.

संगणकाच्या क्लासमध्ये पहिला आठवडा माऊस काढून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. आमच्याच शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम उभा केला. तिथे मुलं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हाताने करून शिकतात. यंत्र अडलं तर पुढे काय, हा प्रश्न तिथे शिकण्याचाच भाग असतो. संगणक शिकवताना तो आपण गाळतो.

यंदा सुट्टीत भाचीने आपणहून माऊस काढून ठेवला आणि नवा अर्ज उघडला. नाव, पत्ता, बँकेचा तपशील सरसर भरला. कॅलेंडरच्या चौकटीशी येऊन अडली. टॅब पुढे जाई, तारीख काही उघडेना. मग तिने ऑल्ट, शिफ्ट, नम लॉक दाबलं, 8 आणि 6 वर बोट ठेवून बाण हळूहळू तारखेपर्यंत नेला आणि 5 दाबला.

बाण दिसत होता म्हणून तिला जमलं.